इरल्याखालचं जंगल

काळा खडक तळव्यांना चटके देतोय. एरवी इथे मासे फिरतात, माणसाला उभं राहायला जागा नसते. आज 26 ऑक्टोबर 2023. तुम्ही ब्राझीलमधल्या मानाउस शहराच्या कडेला आहात, जिथे रिओ नेग्रोचं काळं पाणी सोलिमोंइसच्या मातकट पाण्याला भेटतं. बंदरावरच्या मोजपट्टीवर पाणी 12.70 मीटरला टेकलंय. 1902 पासून इथे रोज नोंद होते, आणि इतकं खाली ते एकदाही गेलेलं नाही. (पुढच्याच वर्षी ते याच्याही खाली, 12.11 मीटरवर जाईल. आज किनाऱ्यावर उभ्या असलेल्या कुणाला ते खरं वाटणार नाही.)

जरा खाली वाका. दगडातून कुणीतरी तुमच्याकडे बघतंय. दोन डोळे, एक तोंड. शेजारी आणखी एक चेहरा, त्याच्यापलीकडे आणखी एक. हजार ते दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी हे कोरले असं पुरातत्त्वाचे अभ्यासक सांगतात. पलीकडच्या दगडावर हत्यारं घासून पडलेल्या खाचा आहेत, त्यांतून बोट फिरवून बघा. कोरणाऱ्याचे पायही अशाच उघड्या पडलेल्या खडकावर टेकले असणार. म्हणजे नदी तेव्हाही आटली होती, आणि जंगल त्यातून तगलं होतं.

मग आता काय वेगळं आहे? काठावरची झाडी तर हिरवीच दिसते. पण पश्चिमेला टेफेच्या तळ्यात गेल्या काही आठवड्यांत पाणी 39 अंशांच्या पुढे तापलं आणि शंभराहून जास्त डॉल्फिन मेले. ते लगेच पोट वर करून तरंगतात, म्हणून दिसतात. झाड मरायला वर्षं घेतं. ते बघायचं तर तुम्हाला काळातून चालावं लागेल.

आधी खूप मागे चला. 5 कोटी 80 लाख वर्षं.

श्वास घेणं जड जातंय. हवा ओल्या कांबळीसारखी अंगाला चिकटते. हे कोलंबियाचं उत्तर टोक. पुढे इथे सेरेहोनची प्रचंड कोळसा खाण होईल आणि तिच्या दगडांत ही पानं सापडतील. तुमच्या पायाशी पडलेलं पान उचला: परातीएवढं रुंद, कडा गुळगुळीत, टोक पन्हळीच्या तोंडासारखं निमुळतं. ज्या पानांवर सतत पाऊस कोसळतो, त्यांना अशी टोकं असतात. समोरच्या दलदलीत काहीतरी सरकलं. टायटनोबोआ, सुमारे 13 मीटर लांबीचा साप. असला साप थंड हवेत जगूच शकत नाही. त्याच्या आकारावरून शास्त्रज्ञांनी इथलं वर्षाचं सरासरी तापमान 30 ते 34 अंश असावं असं मांडलंय. आपला सह्याद्रीचा काळा दगड या घडीला निवून फार काळ झालेला नाही, आणि भारत अजून समुद्रातून उत्तरेकडे सरकतो आहे.

आणखी वीस लाख वर्षं पुढे या. पृथ्वी एकाएकी तापली आहे. ‘एकाएकी’ म्हणजे काही हजार वर्षांत. उष्ण कटिबंध 3 ते 5 अंशांनी वर गेलाय. जंगल करपलं असेल असं तुम्हाला वाटतं. वर बघा. झाडं आहेत, आणि आधीपेक्षा जास्त प्रकारची आहेत. कार्लोस हारामियो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलंबिया-व्हेनेझुएलाच्या खडकांतले परागकण मोजले आणि 2010 मध्ये हेच लिहिलं: त्या तापलेल्या काळात इथली विविधता वाढली. कारण पायाखाली आहे. मातीत बोट घाला, ती ओली आहे.

आता ओल काढून घेतलेलं जंगल बघा. साल 2002, जानेवारी. पूर्व ॲमेझॉनमधलं काशिउआना, पारा राज्य. लाकडी चौकटींवर पारदर्शक प्लास्टिक बसवून लोकांनी एक हेक्टर जंगलाची जमीन झाकली आहे. झाडांचे बुंधे त्यातून वर निघालेत. भातलावणीला वाकलेल्या बाईच्या पाठीवर इरलं असतं, तसं हे जंगलाच्या मुळांवर घातलेलं इरलं. पन्हळींतून पाणी बाहेर जातं. शेजारचं पाणी आत झिरपू नये म्हणून कडेनं चर खणलेत. साधारण निम्मा पाऊस असा अडवला जातो. आंतोनियो कार्लोस लोला दा कोस्ता, पॅट्रिक मेअर आणि त्यांचे सहकारी हे काम एकदोन वर्षं नाही, दोन दशकं चालवणार आहेत. मला या माणसांबद्दल फार आदर वाटतो. जंगल आपल्या वेगानं मरतं आणि त्यांनी तो वेग मान्य केला.

एका बुंध्यावर तळहात ठेवा. हा मासारांदूबा, चिकूच्या कुळातला; बकुळ आणि मोहही त्याच कुळातले. पाऊस निम्मा झाल्याचं पहिली एकदोन वर्षं त्याच्या अंगावर दिसत नाही.

आता कोरड्या ऋतूतली एक दुपार. मुळापासून शेंड्यापर्यंत त्याच्या जलवाहिन्यांत पाण्याच्या बारीक धारा ताणलेल्या आहेत. वर पान वाफ सोडतं, खाली माती पाणी सोडत नाही, आणि ताण वाढत जातो. मग एका नळीत धार तुटते. तिथे हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती नळी निकामी होते. तुटताना आवाज होतो, पण तो इतका वरच्या पट्टीचा असतो की तुमच्या कानांना कळत नाही. तळहाताखाली अशा नळ्या एकामागून एक बंद पडताहेत आणि तुम्हाला फक्त खरखरीत साल लागते.

झाड प्रतिकार करतं. पानांवरची पर्णरंध्रं मिटून घेतं. पण पान थंड राहतं ते त्याच वाफेमुळे. दारं लावली की पाणी वाचतं आणि पान तापतं. सुमारे 46.7 अंशांवर उष्ण कटिबंधातल्या पानांचं प्रकाशसंश्लेषणाचं यंत्रच बिघडू लागतं. अवकाश स्थानकावरच्या उपकरणानं टिपलेल्या तापमानांवरून 2023 मध्ये हिशेब मांडला गेला: शेंड्यावरच्या दहा हजार पानांतलं एखादं आत्ताच ही रेघ ओलांडतं.

वर्षं भराभर जाऊ द्या. धाडकन आवाज येतो. पडलं ते थोरलं झाड. मग दुसरं थोरलं. ज्यांचे शेंडे उन्हात आणि कोरड्या वाऱ्यात, ज्यांच्या धारा सगळ्यांत लांब, तीच आधी जातात. चिकूच्या कुळातल्यांची गत विशेष वाईट झाली. 2015 मध्ये या गटानं तपासलं, तेव्हा तहानलेल्या झाडांतला साखर-पिठाचा साठा संपलेला नव्हता. कणगी भरलेली, आणि घरात पाणी नाही. उपासमारीनं मेली असतील हा अंदाज तिथे मागे पडला.

आता 2025. इरल्याखाली उजेड खूप आहे, कारण वरचा मांडव विरळ झालाय. जंगलानं एक तृतीयांशाहून जास्त वजन गमावलं, बरंचसं पहिल्या पंधरा वर्षांत. मग ही घट थांबली. उरलेल्या झाडांच्या अंगात आता बाहेरच्या झाडांइतकंच पाणी आहे. खाणारी तोंडं कमी झाली म्हणून वाटा पुरू लागला. याला कुणी दिलासा म्हणेल. मला तो अर्धाच वाटतो. या प्रयोगानं फक्त मातीचं पाणी काढलं. भोवतालचं जंगल शाबूत होतं, हवा दमट होती, वणवा आला नाही. सेरेहोनला उष्मा होता पण पाणी होतं. इथे पाणी गेलं पण हवा तापवली नव्हती. मानाउसच्या खडकावर मात्र उष्मा आणि कोरड दोन्ही एकत्र आली होती.

आणि वारा इथून तिकडेच जातो. समुद्राकडून आलेली हवा पूर्वेकडून पश्चिमेला सरकते; इथली झाडं जी वाफ सोडतात तिचा पुढे पाऊस होतो, तो पडतो, पुन्हा वाफ होते. थोरलं झाड पडलं की त्या साखळीतला एक मोठा उपसा बंद होतो.

ढग आले. पाऊस सुरू झाला. डोक्याच्या जरा वर प्लास्टिकवर थेंब ताडताड वाजताहेत आणि तुम्ही खाली कोरडेच उकिडवे बसला आहात. शेजारी आडवा पडलेला मासारांदूबा, त्याच्या सालीखाली वाळवीनं घर केलंय. त्याच्या पलीकडे मनगटाएवढं एक रोप, कुठल्यातरी दुसऱ्याच जातीचं, उजेडाकडे वाकलेलं. पन्हळ भरून वाहू लागली. पाणी खळाळत चराच्या पलीकडे निघून गेलं.