रिपोर्टात न दिसणारे दुखणे

आनंदवनात बाबा आमटे यांना भेटायला दूरदूरची माणसे येत. आलेला पाहुणा खुर्चीवर बसे, बाबा मात्र बसत नसत. ते उभे तरी असत, नाहीतर आडवे तरी. नवख्याला वाटायचे, हे काही व्रत असावे. आम्हा वरोऱ्याच्या लोकांना ठाऊक होते की तसे काही नाही. बाबांच्या पाठीचे मणके झिजले होते. बसणे ही साधी गोष्टच त्यांच्या आयुष्यातून वजा झाली होती. अखेरची काही दशके त्यांनी अशीच काढली.

शाळेत असताना मी त्यांना पाहिले ते पांढऱ्या बंडीत आणि अर्ध्या चड्डीत, काठी घेऊन चालताना. हा माणूस आजारी आहे असे कोणी सांगितले असते तर हसलो असतो. डिसेंबर 1985 मध्ये सत्तरी ओलांडलेले बाबा कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' घेऊन निघाले. तरुण मुले सायकलवर आणि बाबा गाडीत, अंथरुणावर पडून. 1988 मध्ये ईशान्येकडून गुजरातपर्यंत दुसरी यात्रा झाली. 1990 मध्ये ते नर्मदाकाठी कसरावदला राहायला गेले. त्या पाठीवर कायमचा इलाज नव्हता. पण पाठ बरी होईपर्यंत कामे थांबवायची, असेही त्यांनी केले नाही. पाठीला जे जमेल त्याप्रमाणे गाडी, खाट आणि दिवसाचा क्रम बसवला. साधनाताई आणि जवळची माणसे भोवती होती म्हणूनच हे जमले, हेही सांगितले पाहिजे.

आणि हे कुठे घडले, तर जिथली माणसे वेदनेलाच मुकली होती तिथे. कुष्ठरोगात मज्जातंतू मरतात, हातापायांची संवेदना जाते. खिळा रुतला तरी कळत नाही, मग जखम चिघळते. बोटे झडतात ती रोगाने आपोआप नव्हे, तर दुखत नसल्याने झालेल्या जखमांमुळे. वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी हे दाखवून दिले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पायांसाठी मऊ रबराची पादत्राणे करवून घेतली. पाय प्रत्येकाचा वेगळा, म्हणून चप्पलही वेगळी.

मंडळी, हे सारे मला फार उशिरा समजले, आणि समजले ते बायकोच्या दुखण्यामुळे. "सारा बदन टूट रहा है" असे ती रोज सकाळी म्हणायची. रात्रभर झोपूनही अंग आंबलेले. रक्त तपासले, एक्स-रे काढले. एका मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी कागद चाळून सांगितले, काही नाही, मनाचे खेळ आहेत. वाईट याचे वाटते की मलाही ते पटले. तीन वर्षे मी तिला "जरा मन रमव" असे सांगत राहिलो.

त्या आजाराला फायब्रोमायाल्जिया म्हणतात. नाव अवघड आहे, आणि त्याच्या नावाचाच इतिहास गमतीचा आहे. 1904 मध्ये विल्यम गॉवर्स या इंग्रज डॉक्टरांनी त्याला 'फायब्रोसायटिस' म्हटले, म्हणजे तंतूंची सूज. पुढे सूज शोधली तर सापडेना. 1976 मध्ये नाव बदलले. 1990 मध्ये अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांनी अंगावरच्या 18 जागा ठरवल्या. त्यांपैकी 11 दाबल्यावर दुखल्या तर हा आजार समजायचा. 2010 मध्ये जागा मोजण्याची ती अटही मागे पडली. आज असे समजतात की बिघाड स्नायूत नसून मेंदू आणि मज्जासंस्थेच्या वेदना ऐकण्याच्या पद्धतीत आहे. रेडिओच्या भाषेत सांगायचे तर स्टेशन तेच, आवाजाचे बटण वर अडकलेले.

दुखणे मोजायला थर्मामीटर नाही. मग काय करायचे? मॉन्ट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठातल्या रोनाल्ड मेल्झॅक यांनी रोग्यांचे शब्दच गोळा केले. 1975 मध्ये त्यांनी 78 शब्दांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. कवीला हे वाचून आनंद होणारच. आपल्या मराठीत काय कमी आहे? कळ, ठणका, चमक, शूळ, सल, ठसठस, कसकस, मुंग्या, आग. 'वेदना' हा शब्दच 'जाणणे' या अर्थाच्या धातूपासून आलेला. 2020 मध्ये वेदनेच्या अभ्यासकांच्या जागतिक संघटनेने आपली व्याख्या सुधारली. दुखते असे माणूस सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखावा, असे त्यांनी तिथे नोंदवले. मला हे 2020 च्या आधी कळायला हरकत नव्हती.

शेवटी आम्हाला एक डॉक्टर भेटले. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवून विचारले, दिवस कसा जातो? रमजानमध्ये झोप किती वेळा मोडते? सेहरीची तयारी कोण करतं? हे आजवर कोणी विचारले नव्हते. मीही नाही. औषध थोडेच दिले, झोपेपुरते. चालायला सांगितले, पण पहिल्या आठवड्यात फक्त दहा मिनिटे, बरे वाटले तरी अकरावे नाही. बरे वाटलेल्या दिवशी सगळी कामे उपसायची आणि पुढचे तीन दिवस अंथरूण धरायचे, हा तिचा जुना खाक्या होता. शेजारच्या बाईंना हाच आजार आहे, त्यांना चालण्यापेक्षा शेक आणि दुपारची विश्रांती मानवते. एकीचा उतारा दुसरीला चालत नाही. सल्ला देणाऱ्या नातेवाइकांना हे सांगून मी थकलो.

दुखणे गेलेले नाही. जाईल असे डॉक्टरांनीही म्हटले नाही. भाकरीचे पीठ मळताना तिचे खांदे भरून येत, म्हणून ते काम माझ्याकडे आले. तिने एक वही केली आहे, तीत रोजच्या दुखण्याला एक शब्द लिहायचा. परवा तीत लिहिले होते : "आज फक्त मुंग्या, कळ नाही." आणि त्याखाली : "भाकरी जाड होते."