तडा गेलेला बॉयलर

1 मार्च 1971. विमानवाहू नौका विक्रांत मुंबई बंदरात नांगर टाकून उभी आहे आणि तुम्ही तिच्यावर आहात, पण समुद्र काही तुम्हाला दिसत नाही. शिडीमागून शिडी उतरत तुम्ही बॉयलर रूमच्या लोखंडी जाळीवर येऊन पोचलात. अंगातल्या डांगरीला आधीच्याच कुणाच्या तरी तेलाचे डाग. वाकड्यातिकड्या नळ्या, व्हॉल्व्हची चाकं, घड्याळासारखे गेज. ही जागा जवळजवळ सात महिने थंड पडून आहे.

कारण तुम्हाला ठाऊक आहे. बॉयलरच्या पाण्याच्या ड्रमना आतून तडे गेलेत, हे गेल्या जूनमध्ये उघडकीला आलं. वेल्डिंगने निभावण्यातले ते तडे नव्हेत. नवे ड्रम विलायतेहून मागवलेत, ते आलेले नाहीत. तरी आज बर्नर पेटायचाय. दाब कमी ठेवायचा, काटा वर चढू द्यायचा नाही.

"गेजवरनं नजर काढू नकोस," शेजारचा रत्नागिरीचा जुना स्टोकर बजावतो. "वर अ‍ॅडमिरल असतील. इथं काटा सांगेल ते खरं."

तेलात बुडवलेला काकडा आत जातो. भुस्स करून ज्वाळा धरते.

एवढा जिवावरचा खटाटोप कशासाठी, ते कळायला सहा वर्षं मागे जाऊ. 1965. युद्ध चालू आहे आणि विक्रांत मुंबईच्या गोदीत दुरुस्तीला. तुम्ही तिचा तळ खरवडताय आणि पाकिस्तान जगाला सांगतंय, विक्रांत बुडवली! बुडालेल्या जहाजाचा गंज काढणं हा एक विनोदच. पण मेसमध्ये त्यावर कुणी फारसं हसलं नाही. नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल नंदांना 1971 मध्ये तडा गेलेलं का होईना, हे जहाज समुद्रात हवंच होतं, त्यामागे ही बोच होती.

तशी ही नौका थांबून राहण्यासाठीच जन्माला आली होती म्हणा. 22 सप्टेंबर 1945 ला इंग्लंडात टाईन नदीत 'हर्क्युलिस' नावाने ती पाण्यात उतरली, तेव्हा महायुद्ध संपून तीन आठवडेही झाले नव्हते. लढाईच संपली, मग घाई कसली? काम थांबलं, सांगाडा पडून राहिला. जानेवारी 1957 मध्ये भारताने तो घेतला आणि बेलफास्टला बांधून पुरा करवला. 4 मार्च 1961 ला तिथेच विजयालक्ष्मी पंडितांच्या हस्ते ती नौदलात आली. पहिले कप्तान प्रीतमसिंग महिंद्रू. नोव्हेंबरात मुंबईला पोचली, तेव्हा स्वागताला खुद्द नेहरू. ते सोहळे तुम्ही पुस्तकात वाचाल. आपण खालीच राहू.

पुन्हा 1971. बॉयलरचा दाब चौरस इंचाला 400 पौंडांवर बांधलाय आणि जहाजाचा वेग 14 नॉटवर. मुळात ही 25 नॉटची नौका! वेगाचं एवढं कौतुक विमानांपायी. विमानवाहू नौका वाऱ्याच्या तोंडावर धावते. तिचा वेग आणि समोरचा वारा यांची बेरीज विमानाच्या पंखांना मिळते. वेग घटला की सगळा भार वाऱ्यावर, आणि डिसेंबरातला बंगालचा उपसागर कसा गुळगुळीत असतो ते वेगळं सांगायला नको. सी हॉक जेटांचं निभतं, पण जड अलीझे विमानांची पंचाईत. वर विमानाला फेकणारं कॅटापल्टही वाफेवरच चालतं. म्हणजे पंखाही तुमचा आणि गोफणही तुमचीच.

दरम्यान पाकिस्तानशी युद्ध जवळ आलंय आणि विशाखापट्टणमला एक नाटक रंगतंय. विक्रांत केव्हाच अंदमानकडे निघून गेली आहे. बंदराबाहेर आयएनएस राजपूत तिचं सोंग घेऊन वायरलेसवर बडबडते आहे. आईची प्रकृती कशी आहे, अशी चौकशी करणारी एक खाजगी तार विक्रांतवरच्या खलाशाच्या नावाने उघड पाठवली गेली आहे. शत्रूने ऐकावं म्हणूनच. पाकिस्तानी पाणबुडी गाझी त्या वासाने तिथवर आली आणि 3-4 डिसेंबरच्या रात्री बंदराबाहेर बुडाली. युद्धातल्या युक्त्यांत मला ही तार सगळ्यांत मराठी वाटते. आजारी आईवर कोण संशय घेणार?

4 डिसेंबर, सकाळचे अकरा. तुम्ही आठच्या वॉचला खाली उतरलात. किनारा साठ सागरी मैलांवर आहे, हे कानावर आलेलं. घाम डोळ्यांत उतरतोय, तो पुसायला नजर हलवायची सोय नाही. कॅप्टन स्वराज प्रकाश ब्रिजवर. डोक्यावर कुठेतरी कॅटापल्टचा दणका बसतो, सगळं जहाज थरकतं, आणि काटा किंचित खाली झुकतो. एक विमान गेलं. तेल वाढवा. काटा जागेवर. पुन्हा दणका. आठ सी हॉक असे निघतात पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बझारवर, संध्याकाळी चितगाववर. नंतरच्या रात्रींतून अलीझे. तुम्ही त्यातलं एकही विमान पाहत नाही. तुम्हाला ती कळतात काट्याच्या झुकण्यातून.

हे दहा डिसेंबरपर्यंत चालतं. ड्रम टिकतात. विक्रांतच्या वाट्याला दोन महावीर चक्रं, बारा वीर चक्रं येतात.

पुढची वर्षं भराभर उलटू. 1983 पासून सी हॅरियर येतात. 2 एप्रिल 1987 ला शेवटचं अलीझे डेकवरून उडतं. मग कॅटापल्ट काढून पुढच्या टोकाला चढ बसवतात, स्की जंप. विमानांना आता तुमची वाफ नको. 1994 च्या नोव्हेंबरात ती शेवटची निघते, 31 जानेवारी 1997 ला निवृत्त. 2001 पासून संग्रहालय म्हणून मुंबईकर तिच्या डेकवर पोराबाळांसह विमानांसमोर उभे राहून फोटो काढतात. 2012 मध्ये तेही बंद, जहाज धोकादायक म्हणून. सांभाळायला पैसा नाही, हे उत्तर. आणि या शहरात ते उत्तर मिळावं, ही गोष्ट मला अजून पचलेली नाही.

2014, मे महिन्याचा शेवट. मुंबईतल्याच दारूखान्याच्या चिखलात ती ओढून आणली आहे. लिलावात साठ कोटींच्या घरात गेलेलं भंगार. ऑगस्टात सुप्रीम कोर्टानेही आडकाठी काढली. नोव्हेंबरात गॅसकटर पेटले. तुम्ही गर्दीत उभे आहात. जुने खलाशी आलेत, पांढरे केस, छातीवर पदकं. एकमेकांची नावं विसरलेत, पण आपण कुठल्या बॉयलर रूमला होतो ते बिनचूक आठवतं. कुणीतरी एक रिव्हेट मागून घेतो. पुढे याच पोलादातलं काही बजाजच्या मोटरसायकलीत, व्ही-15 मध्ये गेलं.

शेवटी 2 सप्टेंबर 2022, कोची. नवी विक्रांत, 262 मीटर लांब. सवयीने तुम्ही आधी खालीच उतरता. थंड, उजेडाच्या कंट्रोल रूममध्ये पडद्यांसमोर एक पोरगा बसलाय.

"बॉयलर कुठल्या बाजूला?" तुम्ही विचारता.

"बॉयलर नाहीत, काका. चार गॅस टर्बाइन आहेत." तो जरा विचार करतो. "बघायचेच असतील तर विक्रमादित्यवर जा. तिथे आठ आहेत."