आश्रयाची तारीख

कायद्यास तारीख लागते. संकटास ती ठाऊक नसते. युरोपखंडास हें १९५६ सालच्या हिंवाळ्यांत उमगलें.

दुसऱ्या महायुद्धानें देशोधडीस लागलेल्या माणसांकरितां २८ जुलै १९५१ रोजीं जिनीव्हा येथें निर्वासितांविषयींचा करार झाला. ज्यास स्वदेशीं वंश, धर्म, राजकीय मत इत्यादि कारणांनीं छळाचें रास्त भय आहे, त्यास पुन्हा त्याच भयाच्या तोंडीं लोटूं नये, हें त्याचें सार. परंतु त्यांत एक अट होती: त्या भयाचें मूळ १ जानेवारी १९५१ पूर्वींच्या घटनांत असलें पाहिजे.

पुढें ४ नोव्हेंबर १९५६ रोजीं हंगेरींतील उठाव चिरडण्यासाठीं सोव्हिएट रणगाडे बुडापेस्टवर चालून आले. सुमारें १,८०,००० लोक ऑस्ट्रियांत व २०,००० युगोस्लाव्हियांत गेले. आंडाउ गांवाजवळचा कालव्यावरील लहानसा पूल २१ नोव्हेंबरला उडवून देण्यांत आला; तरी लोकांचें येणें थांबलें नाहीं.

ऑस्ट्रियाची तेव्हांची स्थिति ती काय? परकी फौजा निघून जाऊन जेमतेम वर्ष झालेलें, आणि तटस्थतेचें व्रत नुकतेंच घेतलेलें. ‘ही घटना १९५१ नंतरची’ एवढें म्हणून तिला दार लावून घेतां आलें असतें. तिनें तें उघडें ठेविलें. मग संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित-कचेरीनें करारनाम्याचा असा अर्थ लाविला कीं, उठाव १९५६ चा असला तरी त्याचें मूळ १९५१ पूर्वीं तेथें झालेल्या सत्तांतरांत आहे. हा अर्थ थोडा ताणलेला होता, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु शब्दास चिकटून माणसास परत धाडणें हें न्यायाचें कोणतें रूप झालें असतें?

हेंहि विसरतां कामा नये कीं, ऑस्ट्रियास हा भार एकट्यानें वाहावा लागला नाहीं. दूरदूरच्या अनेक देशांनीं त्यांतील बहुसंख्य लोकांस आपल्याकडे नेलें. पुढें ३१ जानेवारी १९६७ च्या पूरक करारानें तारखेची ती अटच काढून टाकिली.

यावरून कायदा निरुपयोगी, असें कोणी समजूं नये. शेजाऱ्याची दया आज असते, उद्यां आटते. ती आटल्यावर निराश्रितास हक्कानें बोट ठेवावयास कांहीं लिखित हवेंच. मात्र तें लिखित वाढतें तें दाराशीं उभ्या असलेल्या माणसाकडे कोणीतरी आधीं पाहिलें म्हणून, एवढेंच आम्हांस सांगावयाचें आहे.