«अतिलोमा» : एका विशेषणाची मर्यादा

पाणिनीच्या ५.२.१०० या सूत्राने लोमन्, रोमन् इत्यादी शब्दांना ‘श’ हा प्रत्यय लागून लोमश, रोमश ही विशेषणे सिद्ध होतात. वर्गात हे सूत्र शिकविताना ‘लोमशः’ हे पुल्लिंगी रूप निर्वेधपणे पार पडते. महाभारताच्या वनपर्वात पांडवांना तीर्थयात्रा घडविणाऱ्या ऋषीचे नावच लोमश आहे. ‘लोमशा’ हे स्त्रीलिंगी रूप फळ्यावर आले की मात्र दबका हशा पिकतो, आणि एखादी विद्यार्थिनी बाहीचे टोक मनगटापर्यंत ओढून घेते. मत्वर्थीय प्रत्ययांचे अर्थ सांगताना वैयाकरणांनी विपुलता, निंदा आणि प्रशंसा हे तिन्ही एकाच यादीत दिले आहेत. यांपैकी स्त्रीच्या वाट्यास कोणता अर्थ केव्हा आला, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

सर्वांत जुना पुरावा निंदेचा नाही. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १२६ व्या सूक्ताची शेवटची ऋचा अनुक्रमणीने रोमशा या ऋषिकेच्या नावावर घातली आहे. तीत ती पतीस बजावते की मला अल्प समजू नकोस. गांधार देशीच्या मेंढीप्रमाणे मी सर्वांगी रोमश आहे. लोम ही येथे वयात आल्याची खूण आहे, आणि ती स्त्री स्वतःच्या तोंडाने ती अभिमानाने सांगते आहे.

मनुस्मृतीत (३.८) सूर पालटतो. वरणीय कन्या ‘अलोमिका’ नसावी आणि ‘अतिलोमा’ही नसावी, असा दुहेरी निषेध तेथे आढळतो. त्याच्या आधीच्या श्लोकात तर ज्या कुळातील माणसे रोमश असतात ते कुळच वर्ज्य ठरविले आहे. परंतु ‘अति’ म्हणजे किती, हे श्लोक सांगत नाही. ते ठरविणे कन्या पाहावयास येणाऱ्यांकडे राहिले. आपल्याकडे ते अद्यापि पुष्कळ अंशी त्यांच्याचकडे आहे.

उपायांचा इतिहास थोडा निराळा आहे. सुश्रुताने चिकित्सास्थानात लोमापहरणाचा विधी दिला आहे तो व्रणचिकित्सेचे अंग म्हणून. रूपाचा तेथे प्रश्न नाही. वस्तरा, कात्री, चिमटा, अथवा दोन भाग शंखचूर्ण व एक भाग हरताळ यांचा आंबलेल्या द्रवातील लेप, असे त्याचे साधन. हरताळात सोमल असते. आजच्या केसनाशक मलमांतून ते गेले, तीव्र अल्कली मात्र राहिली. १८७५ साली अमेरिकेतील सेंट लुई येथील नेत्रवैद्य चार्ल्स मिशेल याने विजेच्या सुईने केसाचे मूळ जाळण्याची रीत प्रसिद्ध केली, तीही डोळ्यात रुतणाऱ्या पापणीच्या केसासाठी. दोन्ही उपाय पुढे स्त्रियांच्या हनुवटीकडे वळले. आपल्या घरांतून तान्ह्या मुलीच्या अंगावरून पिठाचा गोळा फिरवितात, तेव्हा हेतू उघडपणे रूपाचाच असतो. ती लव काही आठवड्यांत आपोआप झडणारीच असते. श्रेय पिठास मिळते.

‘अति’ची सीमा अंकांत बांधण्याचा प्रसिद्ध प्रयत्न १९६१ सालचा. फेरीमन व गॅल्वे या इंग्लंडमधील संशोधकांनी ४३० स्त्रियांच्या शरीराची ११ स्थाने तपासून प्रत्येकास ० ते ४ गुण दिले. पुढे हाताचा पुढचा भाग व पोटरी वगळून ९ स्थाने राहिली, आणि ८ गुणांची सीमा रूढ झाली. ती सर्व मानववंशांस सारखी लावता येत नाही, हे आता मान्य आहे. म्हणजे अंकानेही मनूची अडचण पुरती सुटली नाही. एक लाभ मात्र झाला. प्रश्न वधूपरीक्षेतून दवाखान्यात आला, आणि तेथे कारण विचारले जाऊ लागले. बहुसंख्य रुग्ण स्त्रियांत ते बीजकोशांच्या त्या विकारात सापडते, ज्याचे वर्णन स्टाइन व लेव्हेन्थल यांनी १९३५ साली सात स्त्रियांवरून केले होते.

या कारणमीमांसेत मराठीची एक जुनी जोडी उपयोगी पडते. ग्रामचे गाव झाले त्याच नियमाने लोमचे लोंव आणि लव झाले. लव मऊ, फिकट, आखूड. केस राठ व काळा. अँड्रोजेन या संप्रेरकाच्या प्रभावाने विशिष्ट स्थानांवरील लवेचा राठ केस होतो, हीच त्या विकाराची क्रिया होय. वस्तऱ्याने केस राठ होतो ही समजूत मात्र निराधार आहे. कापलेले टोक बोथट असल्याने तो तसा भासतो इतकेच. मुलाच्या ओठावरील लवेस मराठीने ‘मिसरूड’ असा कौतुकाचा शब्द दिला. मुलीच्या ओठावर तीच लव दिसली की लोक ‘मिशी’ म्हणतात.