पिरॅमिड उभारणाऱ्यांची दफनभूमी
कैरोजवळील गिझाच्या पठारावर राजा खुफूच्या पिरॅमिडसमोर उभे राहिले, की मान आपोआप उंचावते. मूळची उंची सुमारे १४६ मीटर, शिळा अंदाजे २३ लाख. हे सारे चाबकाखाली राबणाऱ्या गुलामांनी उभारले, असा समज दीर्घकाळ रूढ होता. परंतु १९९० मध्ये स्फिंक्सच्या दक्षिणेस एक घोडा मातीच्या विटांच्या जुन्या भिंतीला अडखळला आणि कामगारांची दफनभूमी उजेडात आली. तेथे भाकरी-बिअरची मडकी मिळाली. सांगाड्यांत झिजलेले मणके दिसले, तशीच नीट सांधलेली हाडेही. ज्यांच्यावर उपचार झाले, ज्यांना राजाच्या सान्निध्यात सन्मानाने मूठमाती मिळाली, ते गुलाम नव्हते, असे आज अभ्यासक मानतात. गिझाला जाणाऱ्याने पिरॅमिडचे शिखर अवश्य पाहावे. मात्र त्या उतारावरील लहान थडग्यांकडेही नजर वळवावी.