सामायिक सूक्ष्मदर्शक सुविधा आणि जैववैद्यकीय संशोधन : मुंबई, पुणे व खानदेशाच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

ऑक्टोबर 1896 मध्ये, प्लेगच्या साथीने मुंबई हादरलेली असताना, वाल्डेमार हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजच्या फ्रामजी दिनशा पेटिट प्रयोगशाळेत दाखल झाले. त्यांच्या वाट्याला एक खोली व व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढेच आले. तेथे तयार झालेली लस त्यांनी 10 जानेवारी 1897 रोजी स्वतःला टोचून घेतली. 1899 मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली व 1925 मध्ये तिला हाफकिन यांचे नाव मिळाले. लसीचा इतिहास म्हणून हा प्रसंग सर्वपरिचित आहे. परंतु महाविद्यालयाची प्रयोगशाळा बाहेरून आलेल्या संशोधकास खुली झाली, हा त्याचा पैलू दुर्लक्षितच राहिला.

त्या काळी एक निरीक्षक व एक सूक्ष्मदर्शक एवढ्यावर काम भागत असे. मार्व्हिन मिन्स्की यांनी 1957 मध्ये ज्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्या कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाने हे समीकरण बदलले. लेसर, कंपनरहित टेबल, वातानुकूलित खोली, वार्षिक देखभाल आणि प्रशिक्षित चालक यांचा खर्च एका विभागास पेलणारा नसतो. यंत्र घेता येते. चालकाचे पद मात्र मंजूर होत नाही, हा अनेक विद्यापीठांतील खरा अडसर होय. अशा सामायिक वापराची चौकट केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने घालून दिली. तिच्यातूनच मुंबईच्या आयआयटीत 1976 मध्ये प्रादेशिक उपकरण केंद्र उभे राहिले. पुण्यात 1986 मध्ये प्राणीपेशी संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा स्थापन झाली. देशभरातील प्रयोगशाळांना पेशी पुरविणारी हीच संस्था पुढे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र म्हणून ओळखली जाऊ लागली.

खानदेशात स्वतंत्र विद्यापीठ आले ते 15 ऑगस्ट 1990 रोजी. पिंप्राळ्यात राहून बांभोरीच्या परिसरात संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यापुढील अडचण अंतराची आहे. मुंबई लोहमार्गाने चारशेहून अधिक किलोमीटर दूर. रसायनाने स्थिर केलेली ऊती काचपट्टीवर सुखरूप पोहोचते. जिवंत पेशीचे तसे नाही. तापमान व प्राणवायू बदलताच तिचे वर्तन बदलते आणि चित्र सुंदर मिळूनही ते मूळ अवस्थेचे राहत नाही.

सातपुड्यातील आदिवासी समाजात आढळणाऱ्या सिकलसेल विकाराचे उदाहरण येथे बोलके ठरते. रक्ताच्या थेंबात सोडियम मेटाबायसल्फाइट मिसळून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशींचा विळ्यासारखा आकार पाहता येतो. या चाचणीस तालुक्याचे रुग्णालयही पुरते. ती पेशी केशवाहिनीत कशी वाकते, अडकते व फुटते हे तपासायचे झाल्यास मात्र ताज्या रक्ताजवळच प्रतिदीप्ती सूक्ष्मदर्शक हवा. म्हणजे रोग खानदेशात आणि यंत्र मुंबई-पुण्यात, अशी ही विभागणी.

जानेवारी 2020 मध्ये सुरू झालेल्या आय-स्टेम या राष्ट्रीय संकेतस्थळामुळे कोणते उपकरण कोठे आहे हे शोधणे व वेळ आरक्षित करणे सुलभ झाले. नमुन्याच्या प्रवासाचे तास त्यामुळे कमी झालेले नाहीत.