साक्षीदाराची उलटतपासणी : ‘अटेंटाट १९४२’ ह्या खेळाचा इतिहासदृष्ट्या विचार

प्राग येथील चार्ल्स विद्यापीठाने चेक विज्ञान अकादमीच्या सहकार्याने ‘अटेंटाट १९४२’ हा संगणकावर खेळावयाचा खेळ सिद्ध केला. तो इ. स. २०१७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. शाळांसाठी केलेले त्याचे मूळ चेक रूप त्यापूर्वीचे, म्हणजे २०१५ सालचे होय. ‘खेळ’ हा शब्द ऐकताच इतिहासाच्या अभ्यासकाने नाक मुरडावे हे स्वाभाविक आहे. तथापि साधनांच्या छाननीचा जो प्रश्न आम्ही पदव्युत्तर वर्गात मोठ्या गांभीर्याने मांडतो, तोच येथे शाळकरी मुलांपुढे ठेवलेला आहे. म्हणून त्याचा येथे थोडा परामर्श घेण्याचे योजिले आहे.

खेळास आधारभूत असलेली घटना सर्वश्रुत आहे. बोहेमिया व मोराविया ह्या जर्मनव्याप्त प्रदेशाचा कारभार पाहणारा नाझी अधिकारी रायनहार्ड हायड्रिख ह्याच्यावर दि. २७ मे १९४२ रोजी प्रागमध्ये योझेफ गाब्चीक व यान कुबिश ह्या ब्रिटनहून उतरविलेल्या छत्रीधारी सैनिकांनी हल्ला केला. गाब्चीकची बंदूक ऐन वेळी अडली. कुबिशने टाकलेल्या बाँबने हायड्रिख घायाळ झाला व ४ जून रोजी मरण पावला. मग सूडसत्र सुरू झाले. १० जून रोजी लिदित्से गावातील १७३ पुरुषांना गोळ्या घालण्यात आल्या, स्त्रियांना राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत धाडण्यात आले, आणि गावच्या ८२ मुलांना पुढे विषारी वायूने ठार करण्यात आले. हल्लेखोरांस आश्रय देणारासच नव्हे, तर त्याच्या सबंध कुटुंबास मृत्युदंड, असे फर्मान निघाले. हल्ल्यास नुसती संमती दर्शविणे हाही प्राणदंडाचा अपराध ठरला.

अशा विषयावरील खेळात खेळाडूच्या हाती बंदूक दिली जाईल, अशी कोणाचीही अपेक्षा असावी. येथे ती मुळीच दिलेली नाही. खेळाडू आहे तो आजच्या काळातील एक नातू. हल्ल्यानंतर लवकरच त्याच्या आजोबांना गेस्टापोने पकडून नेले होते. ते का, आणि त्या कटात त्यांचा हात कितपत होता, हे त्यांनी घरात कधी सांगितले नाही. नातवाने आजीकडे जावयाचे, मग त्या काळच्या माणसांना गाठावयाचे, आणि प्रश्न विचारावयाचे. ही माणसे नटांनी उभी केली असून त्यांच्या मुलाखती चित्रित केलेल्या आहेत. त्यांच्या आठवणी मात्र रेखाचित्रांतून उलगडतात, आणि अधूनमधून त्या काळचे अस्सल चित्रपट पडद्यावर येतात. प्रश्न उद्धटपणे वा अवेळी विचारला तर समोरचा मनुष्य मिटून जातो.

आमच्या मते ह्या खेळाचे खरे मोल ह्या मिटून जाण्यात आहे. ज्या समाजात शेजाऱ्याच्या कानी पडलेले एक वाक्य कुटुंबाच्या जिवावर बेतू शकत होते, तेथे मौन ही सवय होऊन बसते, आणि राजवट गेली तरी सवय जात नाही. चेक लोकांवर तर १९४८ नंतर दुसरे कारणही ओढवले : पश्चिमेकडून आलेल्या त्या सैनिकांचा मोकळेपणी गौरव करणे कम्युनिस्ट सत्तेस रुचणारे नव्हते. तेव्हा आजोबांचे न बोलणे हेही एक साधनच आहे. पाठ्यपुस्तकात ते दाखविता येत नाही, कारण पाठ्यपुस्तक गप्प बसू शकत नाही.

आता आक्षेप. बखरींची छाननी करून ज्यांची दृष्टी तयार झाली आहे त्यांना एक गोष्ट खटकल्यावाचून राहणार नाही. हे साक्षीदार कल्पित आहेत. प्रत्यक्ष लोकांच्या कथनांवरून व संशोधनावरून ते घडविले आहेत हे खरे, आणि संदर्भासाठी खेळात माहितीच्या नोंदीही जोडल्या आहेत. परंतु कल्पित आजीचे बोलणे व अस्सल चित्रफीत ही एकाच पडद्यावर लागोपाठ आली की चौदा वर्षांच्या मुलाने दोहोंतील भेद ओळखावा कसा? शिवाय योग्य प्रश्नास येथे ठरलेले उत्तर मिळते. प्रत्यक्षात वृद्ध मनुष्य विसरतो, दोन प्रसंग एकत्र करतो, कधी स्वतःला सोयीचे तेवढेच सांगतो. मुलाखत बिघडल्यास ती पुन्हा घेण्याची सवलतही खेळाडूस आहे. क्षेत्रकार्य करणाऱ्या संशोधकास ती क्वचितच लाभते! शिक्षकाने ह्या उणिवा वर्गात उघड बोलून दाखविल्या तर बराच लाभ होईल. मुलांना एकटे सोडल्यास होणार नाही.

जर्मनीत ह्या खेळास आलेली अडचण निराळ्या प्रकारची होती. नाझी चिन्हे दाखविण्यास तेथील दंडसंहितेच्या ८६अ ह्या कलमाने मनाई आहे. कला, विज्ञान व अध्यापन ह्यांस अपवाद असून चित्रपटांना तो मिळत असे, खेळांना मात्र व्यवहारात मिळत नसे. स्वस्तिक पुसून प्रागचे १९४२ सालचे रस्ते दाखविणे म्हणजे दस्तऐवजात खाडाखोड करण्यासारखेच होते. ऑगस्ट २०१८ मध्ये खेळांचे वर्गीकरण करणाऱ्या जर्मन संस्थेने प्रत्येक खेळाचा स्वतंत्र विचार करण्याचे धोरण स्वीकारले, आणि त्यानंतर ‘अटेंटाट १९४२’ तेथील वाचकांना, म्हणजे खेळाडूंना, अविकल रूपात मिळू लागला.